मांडवातल्या फुलांची तहान

वैशाखातले लग्न, दुपारी साडेबाराचा मुहूर्त. सकाळी सातला आणलेले हार टोपलीत झाकून ठेवलेले असतात. मंगलाष्टके सुरू होण्याआधी टोपली उघडावी, तर गुलाबाच्या पाकळ्या कडेने काळवंडलेल्या, मोगरा पिवळसर आणि मुंडावळ्या मलूल झालेल्या असतात. बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या लग्नघरांना हे दृश्य नवे नाही. ‘उन्हाळाच तसा आहे’ असे म्हणून आपण ते सोडून देतो. फूल कोमेजते त्याला मात्र ठरावीक कारणे आहेत. ती समजून घेतली तर त्यातली बरीचशी आपल्या हातातली आहेत असे दिसते. लग्नाचे हार, तोरणे, बोहल्याची सजावट घरच्या घरी करायची असेल, तर हाताच्या कौशल्याइतकीच ही कारणे ठाऊक असणे महत्त्वाचे आहे.

अलीकडे लग्नघरात आणखी एक प्रश्न येतो. मोबाइलवर परदेशातल्या लग्नांची छायाचित्रे पाहिलेली नवरी मुलगी म्हणते, “हे निळे गेंद आपल्या मांडवात लावता येतील का?” ते गेंद असतात हायड्रेंजियाचे. पाश्चात्य देशांत घरच्या घरी लग्नाची सजावट करणारे लोक हे फूल आवडीने घेतात, कारण एकच गेंद वीतभर रुंद असतो आणि दोन-तीन गेंदांत फुलदाणी भरून जाते. अंथुर्ण्यासारख्या गावात हे फूल का येणार नाही आणि त्याऐवजी काय करता येईल, हे पाहताना फुलांचे सगळे विज्ञानच आपल्यासमोर उलगडते. म्हणून सुरुवात या पाहुण्या फुलापासूनच करू या.

निळ्या गेंदाचे गुपित

हायड्रेंजिया मूळचे जपानचे. आपल्याकडे ते उटी, दार्जिलिंग, सिमला अशा थंड हवेच्या ठिकाणी दिसते. त्याच्या नावाचा ग्रीक भाषेतला अर्थ ‘पाण्याचे भांडे’ असा आहे. हे नाव त्याच्या फळाच्या पेल्यासारख्या आकारावरून पडले. पण या झाडाची पाण्याची भूक पाहता ते दुसऱ्या अर्थानेही शोभते.

गेंदातल्या ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो, त्या खरे तर पाकळ्या नसून रंगीत निदले असतात. इतर फुलांत कळीला झाकणारा जो हिरवा निदलपुंज असतो, तोच इथे मोठा व रंगीत झालेला असतो. आपल्या बोगनवेलीतही असाच प्रकार आहे. तिथे फुलाभोवतीची पाने, म्हणजे छदे, रंगीत असतात आणि खरे फूल आत छोटेसे पांढरे असते. वर्गात ही दोन उदाहरणे शेजारी मांडली, तर ‘रंगीत म्हणजे पाकळी’ हा समज सहज दूर होतो.

हायड्रेंजियाच्या रंगाची गोष्ट अधिक मजेची आहे. एकाच झाडाची एक फांदी आम्लधर्मी मातीत लावली तर निळी फुले येतात आणि दुसरी अल्कधर्मी मातीत लावली तर गुलाबी येतात. लिटमस आम्लात तांबडा होतो, इथे तर उलटेच! याचा उलगडा असा, की दोन्ही रंगांच्या फुलांत रंगद्रव्य एकच असते. ते डेल्फिनिडिनपासून बनलेले एक अँथोसायनिन आहे. हे रंगद्रव्य ॲल्युमिनिअमच्या आयनाशी आणि पेशीतल्या काही रंगहीन संयुगांशी जोडले गेले, की ते निळे दिसते. ॲल्युमिनिअम मिळाले नाही, तर गुलाबी राहते. ॲल्युमिनिअम जवळजवळ प्रत्येक मातीत भरपूर असते, पण ते पाण्यात विरघळते फक्त आम्लधर्मी मातीत. साधारणपणे मातीचा सामू ५.५ पेक्षा कमी असेल तर मुळांना ते मिळते आणि फूल निळे होते. सामू ६.५ च्या वर गेला की ते मातीतच अडकून पडते. म्हणजे फुलाचा रंग मातीचा सामू थेट दाखवत नाही. झाडाला ॲल्युमिनिअम मिळाले की नाही, हे दाखवतो. पांढऱ्या जातींत हे रंगद्रव्यच नसते, म्हणून त्या कोणत्याही मातीत निळ्या होत नाहीत.

अंथुर्ण्याची माती काय म्हणते?

आता आपल्या मातीकडे पाहू. इंदापूर तालुक्यातल्या काळ्या जमिनीत चुनखडी असते आणि तिचा सामू ८ च्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. शिवाय या भागाला कालव्याच्या पाण्याचा शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. ऊस आला, बागायत वाढली, पण निचरा नसलेल्या जमिनींत पाणी साठून क्षार वर येऊ लागले. हॅरल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी या प्रश्नाचा अभ्यास करून नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर १९१० मध्ये एक पुस्तिकाच प्रसिद्ध केली होती. आज शेतकरी ज्यांना खारवट किंवा चोपण जमीन म्हणतात, त्यांची ही पूर्वकथा आहे.

अशा मातीत हायड्रेंजिया लावला तर काय होईल? ॲल्युमिनिअम मिळणार नाही, म्हणून फूल निळे होणार नाही. लोहही मिळणार नाही, कारण चुनखडीच्या जमिनीत तेही अडकून पडते. मग पाने पिवळी पडतील आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतील. उसावर हे दिसले की आपला शेतकरी ‘केवडा पडला’ असे म्हणतो. हायड्रेंजियावरही तसाच केवडा पडेल. कुंडीत बाहेरची आम्लधर्मी माती भरली तरी पाणी आपल्याच विहिरीचे किंवा कालव्याचे असणार. त्यातली बायकार्बोनेटे काही महिन्यांत मातीचा सामू पुन्हा वर नेतात. हवेची अडचण तर आहेच. या झाडात फुलांच्या कळ्यांची घडण सुरू व्हायला काही आठवडे १८ अंशांपेक्षा कमी तापमान लागते आणि उन्हाळ्यातली ४० अंशांची कोरडी हवा त्याच्या मोठ्या पानांना सोसत नाही.

वर्गात करून पाहा : शेतातली थोडी कोरडी काळी माती काचेच्या ताटलीत घ्या आणि तिच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाका. फसफसून बुडबुडे आले, तर मातीत चुनखडी आहे. बाहेर पडणारा वायू कार्बन डायऑक्साइड असतो. गोकर्णीच्या निळ्या फुलांचा पाण्यात काढलेला अर्क दोन परीक्षानळ्यांत घ्या. एकीत लिंबाचा रस आणि दुसरीत धुण्याचा सोडा घाला. पहिल्या नळीतला अर्क जांभळट-गुलाबी होईल आणि दुसरीतला हिरवट. अँथोसायनिने कशी रंग बदलतात, हे यावरून मुलांना कळेल.

थोडक्यात, निळ्या गेंदाचा हट्ट धरायचा तर तो दूरच्या थंड हवेतून विकत आणावा लागेल, आणि इथे पोचल्यावर काही तासांतच तो माना टाकेल. त्यापेक्षा आपल्या मातीत येणारी फुले घ्यावीत आणि त्यांना नीट जपावे, हेच शहाणपणाचे. त्यासाठी खुडलेल्या फुलाचे आयुष्य समजून घेऊ.

खुडले तरी फूल जिवंतच

फूल खुडले म्हणजे मेले, असे नाही. त्याच्या पेशी श्वसन करत असतात, कळी उमलत असते, सुगंध तयार होत असतो. तुटलेला असतो तो फक्त पुरवठा. मुळांकडून येणारे पाणी आणि पानांकडून येणारी साखर या दोन्ही गोष्टी थांबतात. यापुढे फूल किती काळ टिकेल, हे तीन गोष्टींवर ठरते.

पहिली गोष्ट पाणी. झाडाच्या खोडातल्या जलवाहिन्यांत पाण्याचा सलग स्तंभ असतो. पानांतून वाफ होऊन जाणारे पाणी हा स्तंभ वर ओढत असते. डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये ही कल्पना मांडली. दोरी ताणलेली असावी, तसा हा स्तंभ ताणलेला असतो. देठ हवेत कापला की कापलेल्या टोकातून हवा आत ओढली जाते आणि जलवाहिनीत बुडबुडा अडकतो. मग देठ पाण्यात ठेवला तरी पाणी वर चढत नाही. म्हणून देठाचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडवून, पाण्याखालीच, दोन-तीन सेंटिमीटर पुन्हा कापावे. कापायला धारदार सुरी घ्यावी, कारण बोथट कात्रीने जलवाहिन्या चेंगरतात. काप तिरपा घेतला की देठ भांड्याच्या तळाला चिकटून त्याचे तोंड बंद होत नाही.

जलवाहिनी बंद होण्याचे दुसरे कारण म्हणजे जीवाणू. फुलदाणीच्या पाण्यात ते वाढतात आणि देठाच्या तोंडाशी चिकट थर जमतो. जरबेऱ्याची मान मोडते, तिच्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

हवेची तहान

पाणी आत किती येते, हे एक झाले. बाहेर किती जाते, हे हवेवर अवलंबून असते. याचा साधा हिशेब करता येतो. ४० अंश सेल्सिअसला हवेत जास्तीत जास्त जितकी वाफ मावते, तिचा दाब पाऱ्याच्या सुमारे ५५ मिलिमीटर इतका असतो. मे महिन्यातल्या दुपारी सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर प्रत्यक्षात वाफेचा दाब ११ मिलिमीटर भरतो. उरलेली ४४ मिलिमीटरची तूट ही हवेची तहान. आता हिवाळ्यातली २५ अंशांची आणि ६० टक्के आर्द्रतेची हवा घ्या. तिथे संपृक्त बाष्पदाब २४ मिलिमीटर आणि तूट साडेनऊ मिलिमीटर येते. म्हणजे मार्गशीर्षातल्या लग्नापेक्षा वैशाखातल्या लग्नात हवा फुलांतून साडेचार पट जोराने पाणी ओढते. वारा किंवा पंखा असेल तर हे पाणी आणखी झपाट्याने जाते.

पाकळ्यांवर पर्णरंध्रे फार थोडी असतात, पानांवर पुष्कळ असतात. म्हणून देठावरची बहुतेक पाने काढून टाकली की पाण्याचा खर्च बराच कमी होतो. पाण्यात बुडणारी पाने तर काढायलाच हवीत, कारण ती कुजून जीवाणूंना खाद्य मिळते.

श्वास आणि साखर

दुसरी गोष्ट साखर. फुलाच्या पेशी साठवलेली साखर जाळून ऊर्जा मिळवतात. तापमान १० अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो. २० अंशांवरून ४० अंशांवर गेलो की तो किमान चौपट होतो. श्वसनातून उष्णताही बाहेर पडते. गोणीत दाबून भरलेल्या झेंडूत काही तासांनी हात घालून पाहा, मधला भाग गरम लागतो. फुलांची गोणी स्वतःच स्वतःला तापवत असते आणि तापल्यामुळे आणखी जोराने श्वसन करते. म्हणून फुले आल्याबरोबर गोणी सोडावी आणि सावलीत ओल्या फडक्यावर पातळ थरात पसरावी.

आंब्याची आढी आणि फुलांची टोपली

तिसरी गोष्ट म्हणजे इथिलीन. सेंट पीटर्सबर्गच्या नेल्युबोव यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले, की दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कोळशाच्या वायूतल्या इथिलीनमुळे वाटाण्याच्या रोपांची वाढ बिघडते. पुढे कळले, की हा वायू वनस्पती स्वतःही तयार करतात आणि तो त्यांचे एक संप्रेरक आहे. पिकणारी फळे तो मोठ्या प्रमाणात सोडतात. त्याने फळ पिकते, तसेच काही फुलांचे वार्धक्यही लवकर येते.

आता वैशाखातले लग्नघर डोळ्यांसमोर आणा. घरातली सर्वांत गार, अंधारी खोली एकच असते. एका कोपऱ्यात पेंढ्यात आंब्याची आढी, शेजारी केळीचे घड आणि त्यांच्याच बाजूला हारांची टोपली! कार्नेशनसारख्या फुलाला हे शेजार अजिबात सोसत नाही; त्याच्या पाकळ्या आत वळून फूल झोपल्यासारखे मिटते. शेवंतीच्या फुलावर मात्र इथिलीनचा फारसा परिणाम होत नाही. नियम सोपा आहे. फुले आणि पिकणारी फळे एका खोलीत ठेवू नयेत. घरातल्या शीतकपाटात हार ठेवणार असाल, तर आधी त्यातले आंबे बाहेर काढा आणि हार बंद डब्यात ठेवा, कारण शीतकपाटातली हवा कोरडी असते.

चार बाटल्यांचा प्रयोग

एकाच झाडाचे, एकाच वेळी कापलेले बारा गुलाब किंवा जरबेरे घ्या. चार बाटल्यांत तीन-तीन ठेवा. पहिलीत साधे पाणी, दुसरीत लिटरला २० ग्रॅम म्हणजे चार चहाचे चमचे साखर, तिसरीत लिटरला अर्ध्या लिंबाचा रस आणि चौथीत साखर व लिंबू दोन्ही. रोज सकाळी फुलांची अवस्था आणि पाण्याचा गढूळपणा लिहून ठेवा.

साखरेची बाटली सर्वांत आधी गढूळ होईल, कारण साखर फुलाइतकीच जीवाणूंनाही आवडते. लिंबाने पाणी आम्लधर्मी होते, त्यामुळे जीवाणूंची वाढ मंदावते आणि देठातून पाणी सहज चढते. आपले पाणी जड असल्याने त्यातली बायकार्बोनेटे आधी थोडे लिंबू ‘खाऊन टाकतात’. म्हणून अर्धे लिंबू घ्यायचे. पाणी उकळून, गार करून घेतले आणि रोज बदलले तर आणखी चांगले. एक सावधगिरी बाळगावी. जंतुनाशक म्हणून ब्लीचिंग पावडर कधीही लिंबाच्या रसात मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरिन वायू बाहेर पडतो.

देठाची फुले आणि बिनदेठाची फुले

सजावटीच्या दृष्टीने फुलांचे दोन गट पाडावेत. देठासह असलेल्या फुलांना आपण पाणी देऊ शकतो. हारातल्या, गजऱ्यातल्या आणि मुंडावळ्यांतल्या फुलांना देठ नसतो. त्यांना फक्त गाठीशी असलेल्या पाण्यावर दिवस काढायचा असतो. इथे फुलाची बांधणी महत्त्वाची ठरते. गुलाबाची सुटी पाकळी पातळ असते. वजनाच्या मानाने तिचे क्षेत्रफळ मोठे, म्हणून ती लवकर सुकते. गुलछडीची कळी जाड आणि मेणचट असल्याने टिकते. झेंडूच्या आणि शेवंतीच्या गच्च फुलात बाहेरच्या पाकळ्या आतल्यांना सावली देतात.

हेही मोजता येते. झेंडू, गुलछडीच्या कळ्या आणि गुलाबाच्या पाकळ्या प्रत्येकी १०० ग्रॅम घेऊन तीन ताटांत सावलीत ठेवा. दर तासाला वजन करा आणि वेळ व वजन यांचा आलेख काढा. मुहूर्ताच्या हारात कोणते फूल घालायचे, हे हा आलेखच सांगेल.

मोगऱ्याचे घड्याळही ध्यानात ठेवावे. सकाळी खुडलेल्या टपोऱ्या कळ्या संध्याकाळी उमलतात. गोरज मुहूर्ताला ते अगदी जुळते. दुपारच्या मुहूर्ताला मात्र मोगऱ्याच्या मिटलेल्या कळ्याच वापराव्यात. आदल्या संध्याकाळी खुडलेल्या कळ्या रात्रीत उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तपकिरी पडू लागतात.

आपला गेंद, आपल्या फुलांचा

नवरी मुलीला हवा असलेला गेंद आपण ॲस्टर, शेवंती किंवा झेंडूचा करू शकतो. जांभळा-निळसर रंग हवा असेल तर ॲस्टर उत्तम. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले गणेश’ या नावाने पांढऱ्या, गुलाबी आणि जांभळ्या ॲस्टरच्या जाती दिलेल्या आहेत.

फुले खोचायला शहरात हिरवा स्पंज मिळतो. तो फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांच्यापासून केलेला एक प्रकारचा प्लॅस्टिकच असतो. मातीत कुजत नाही. आपल्याकडे त्याहून चांगली वस्तू परसात असते. मांडवासाठी केळीचे खांब आणले, की त्यातला एक वीत-दीड वीत लांबीचा तुकडा घ्यावा. केळीच्या खुंटात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि त्याच्या पेशींच्या मध्ये हवेच्या पोकळ्या असतात. त्यात काडीने भोक पाडून फुलाचा तीन-चार सेंटिमीटरचा देठ खोचला, की तो ओल्या जागेत राहतो. खुंटाचा तुकडा परातीत थोड्या पाण्यात उभा ठेवावा. केळीच्या चिकाचे डाग कापडावरून जात नाहीत, तेव्हा हे काम जुन्या कपड्यांत करावे आणि शालू-पैठणी लांब ठेवावी.

किती फुले लागतील? समजा, गेंदाचा वरचा अर्धगोल २० सेंटिमीटर व्यासाचा आहे. त्याचे क्षेत्रफळ २πr², म्हणजे सुमारे ६२८ चौरस सेंटिमीटर. ५ सेंटिमीटर व्यासाचे एक फूल साधारण २० चौरस सेंटिमीटर जागा व्यापते. वर्तुळे कितीही दाटीने मांडली तरी त्यांच्यामध्ये सुमारे दहावा भाग जागा रिकामी राहते. म्हणून ६२८ च्या नऊ-दशांशाला २० ने भागले, की २८ हे उत्तर मिळते. खराब निघणारी धरून ३० ते ३२ फुले घ्यावीत. हाराचा अंदाजही असाच काढता येतो. आधी १० सेंटिमीटर ओवून फुले मोजावीत आणि लांबीच्या प्रमाणात गुणावे. नववीच्या वर्गाला भूमितीचा हा उपयोग नक्की आवडेल.

हार ओवताना सुई पाकळ्यांतून न घालता फुलाच्या तळातून घालावी. झेंडूला देठाच्या बाजूला हिरव्या छदांचा घट्ट पेला असतो. तिथे दोरा पक्का बसतो आणि पाकळ्या जखमी होत नाहीत. मोगऱ्याच्या कळ्या सुईने ओवण्याऐवजी दोऱ्याच्या गाठींत गुंफल्या, तर त्यांना भोक पडतच नाही. वीज न लागणारे हे ज्ञान आपल्या आज्यांनी कधीच हस्तगत केले होते.

विटा, वाळू आणि पाणी

तयार हार मुहूर्तापर्यंत ठेवायचे कुठे? इथे आपली कोरडी हवा, जी आतापर्यंत शत्रू होती, ती मित्र होते. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घाला. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असताना तो २२-२३ अंशांपर्यंत उतरतो. पाण्याची वाफ होताना उष्णता खर्च होते, म्हणून माठातले पाणी गार होते. याच तत्त्वावर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात ‘शून्य ऊर्जा शीतकक्ष’ विकसित झाला.

तो करायला गवंडी लागत नाही. झाडाच्या सावलीत विटांचा थर अंथरावा. त्याच्या कडेने विटांच्या दोन भिंती अशा रचाव्यात, की त्यांच्यामध्ये सुमारे साडेसात सेंटिमीटर फट राहील. फटीत वाळू भरून विटा आणि वाळू पाण्याने चिंब भिजवावीत. वर बांबूच्या चौकटीवर ओले गोणपाट टाकावे. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडले, की आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहा-बारा अंशांनी गार आणि चांगली दमट राहते. लग्नाच्या चार दिवस आधी हा कक्ष करून तयार ठेवावा. आत आणि बाहेर तापमापक ठेवून दोन तासांनी नोंदी घेण्याचे काम शाळेतल्या मुलांना सांगावे. लग्न झाले की त्यात भाजी ठेवता येते.

मुहूर्तापासून मागे मोजा

दुपारी साडेबाराचा मुहूर्त धरून कामे अशी लावावीत. आदल्या दिवशी पहाटे देठाची फुले कापावीत किंवा आणावीत, पाने काढून देठ पाण्याखाली पुन्हा कापावेत आणि ती सावलीत चार-सहा तास खोल पाण्यात ठेवावीत. संध्याकाळी उन्हे उतरल्यावर गेंद आणि तोरणे करावीत. लग्नाच्या दिवशी उजाडताच हाराची फुले खुडावीत. त्या वेळी पेशी पाण्याने भरलेल्या असतात. साडेआठपर्यंत हार ओवून संपवावेत. हलकेच पाण्याचा हबका मारून, जास्तीचे पाणी झटकून, केळीच्या पानात गुंडाळावेत आणि शीतकक्षात ठेवावेत. केळीच्या पानावरचा मेणाचा थर वाफ अडवतो आणि आतली हवा दमट राहते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओली फुले कोंबून तोंड बांधले, तर मात्र ती काळी पडून सडतात. बारा वाजता हार बाहेर काढावेत, त्याआधी नाही.

दोन सूचना अजून आहेत. सजावटीत कण्हेर घातली असेल, तर ती ताटांपासून आणि लहान मुलांपासून दूर ठेवावी, कारण तिचे सर्व भाग विषारी आहेत. हायड्रेंजियाही पोटात जाऊ देण्यासारखा नाही. बाजारातल्या फुलांवर कीटकनाशके फवारलेली असू शकतात, म्हणून त्यांच्या पाकळ्या मिठाईवर पसरू नयेत.

या सगळ्यात पैशांची बचत आहेच. पण शिक्षकांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. आपल्या शिवारातले फूल सव्वाशे किलोमीटरवरच्या पुण्याच्या गुलटेकडीला जाऊन, हार होऊन परत यायचे ठरवले, तर त्याचे निम्मे आयुष्य गोणीत आणि टेम्पोतच संपते. तेच फूल पहाटे खुडून घरीच ओवले, तर ते मुहूर्ताला ताजे राहते आणि पिकवणाऱ्यालाही गावातच गिऱ्हाईक मिळते. बाष्पोच्छ्वास, श्वसन, संप्रेरके, सामू, बाष्पदाब हे धडे आपण वेगवेगळ्या इयत्तांत शिकवतो. ते सगळे मांडवातल्या एका हारात एकत्र भेटतात. पुढच्या लग्नसराईआधी चार बाटल्यांचा प्रयोग आणि वजनाचा आलेख वर्गात करून ठेवावा. आपल्या गावच्या हवेत कोणते फूल किती तास टिकते, याचा तक्ता शाळेच्या भिंतीवर लावला, तर गावातली लग्नघरे तो पाहायला नक्की येतील.